माळ्यावर जुनी विलायती भांडी सापडली, खालचे शिक्के कसे वाचायचे? चांदी की मुलामा? (सोलापूर)

बाळीवेस_वाडा

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. बाळीवेशीतलं आमचं जुनं घर पाडायला काढलंय आणि माळ्यावरच्या ट्रंकेत साहेबी थाटाची टेबलावरची भांडी निघाली. एक चहाची किटली, साखरेचं भांडं, एक मोठा ट्रे, आणि फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेले चमचे, काटे, सुऱ्या. पणजोबा जुन्या गिरणीत हेडक्लार्क होते, साहेब लोक गेले तेव्हा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला त्यात घेतलं असं आजी सांगायची, पण नक्की कुठलं कुठून आलं ते सांगणारं आता कुणी नाही.

सगळं काळंकुट्ट झालंय. खाली काय काय कोरलंय ते मला दिसलं तसं लिहिते:

किटलीच्या तळाला एक झेंडा आहे, त्रिकोणी टोकाचा, त्यात डब्ल्यू अँड एच, खाली शेफील्ड, आणि एक पाच आकडी नंबर, त्याच्यापासून जरा लांब नुसता ४.

चमच्यांच्या दांडीमागे चार बारीक चौकटी, प्रत्येकीत एक अक्षर, जुन्या वळणाची अक्षरं आहेत पण ई, पी, एन, एस वाटतंय. त्याच्याआधी दोन अक्षरं अजून, त्यातलं पहिलं झिजलंय. आणि एक मुकुट!! मुकुट म्हणजे हॉलमार्क ना?

साखरेच्या भांड्याला ई.पी.बी.एम. आणि आर.डी. करून सहा आकडी नंबर. ट्रेच्या मागे काहीच नाही पण पुढे मधोमध जी.आय.पी.आर. गुंफून कोरलंय. सुऱ्यांच्या पात्यावर फर्थ स्टेनलेस, मूठ पिवळट पांढरी, हस्तिदंतासारखी.

एका सराफाकडे दोन चमचे घेऊन गेले तर त्यांनी हातात घेऊन लगेच परत दिले, "ताई, जर्मन आहे, भंगारात घाला." बाबा म्हणतात देऊन टाक, किलोवर जाईल. माझं मन होत नाही. ही चांदी आहे का, कुठल्या कंपनीची, किती जुनी, आणि घासायची कशाने, कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

शेंगाचटणी

ताई भंगारात अजिबात देऊ नका आणि मुख्य म्हणजे काहीच घासू नका अजून. शिक्का एकदा घासून गेला की परत येत नाही. भिंगवाले काका इथे असतात, ते बघतीलच.

गड्डा_यात्रा

काय बे एवढा विचार, मशीनवर नेऊन लाव की. टेस्टिंग सेंटरमध्ये दोन मिनिटांत टक्का सांगतात. आमच्याकडचा एक असाच चमचा लावला होता तर नव्वदच्या वर चांदी दाखवली.

भिंगवाले_काका

ताई, तुम्ही शिक्के नीट पाहून लिहिलेत म्हणून बरंच सांगता येईल. लोक नुसतं "खाली इंग्रजीत काहीतरी आहे" लिहितात आणि विचारतात किंमत किती.

पहिली गोष्ट, शिक्का वाचताना कंपनीचं नाव शोधत बसायचं नाही. आधी धातू काय ते बघायचं, मग कारखाना, मग काळ. धातूचं एकदा ठरलं की बाकीचा निम्मा गोंधळ संपतो.

ई.पी.एन.एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा थर. निकेल सिल्व्हर म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तेच, तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, आत चांदीचा कण नाही. ई.पी.बी.एम. म्हणजे आत ब्रिटानिया मेटल, ते कथलाचं असतं, थोडं अँटिमनी आणि तांबं घातलेलं, रंग करडा, हाताला मऊ, लवकर पोचतं. म्हणजे तुमचे चमचे आणि साखरेचं भांडं मुलाम्याचं, आणि चांदीचा कुठलाच ठसा नाही म्हणून किटलीपण, भरीव चांदी नाही. त्या सराफांनी धातू बरोबर सांगितला पण भंगाराचा सल्ला मला पटत नाही, त्याचं कारण खाली येतंय.

आता मुकुट. याच्यावर फार लोक फसतात. इंग्लंडमध्ये भरीव चांदीला सरकारमान्य कचेरीत तपासून ठसे मारायचे आणि शेफील्डच्या कचेरीचा ठसा मुकुट होता, १९७४ पर्यंत. लंडनचा बिबट्याचा चेहरा, बर्मिंगहॅमचा नांगर, जहाजाचा नांगर बरं का, शेतातला नव्हे. पण नुसता मुकुट पुरत नाही. खऱ्या स्टर्लिंगला, म्हणजे हजारात ९२५ भाग असलेल्या भरीव चांदीला, चालता सिंह असतो, पुढचा पंजा उचललेला, शिवाय वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. १८९० पर्यंतच्या बहुतेक मालावर कर भरल्याची खूण म्हणून राजाराणीचं डोकंपण असतं. सिंह नसेल आणि शेजारी ई.पी. असेल तर तो मुलामाच.

मग मुलाम्याच्या चमच्यावर मुकुट आला कुठून? मुलामावाले कारखानदार मुद्दाम चार पाच छोट्या चौकटी ओळीने मारायचे, जुन्या वळणाची अक्षरं, ढाली, मुकुट, म्हणजे लांबून बघणाऱ्याला हॉलमार्क वाटावा. शेफील्डच्या कचेरीने मुकुटावर आक्षेप घेतला आणि १८९६ च्या सुमारास मुलाम्याच्या मालावरून मुकुट उतरला. त्यामुळे तुमचा मुकुट चांदीचा पुरावा नाही पण वयाचा चांगला पुरावा आहे. खरंच मुकुटच असेल तर ते चमचे बहुतेक १८९६ च्या आधीचे, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वरचे. लिलावाच्या वेळीसुद्धा ते जुनेच होते म्हणायचं.

झेंड्यातलं डब्ल्यू अँड एच म्हणजे वॉकर अँड हॉल, शेफील्ड. हा झेंडा त्यांचाच, दुसऱ्या कुणाचा नाही. १८४५ ची कंपनी, हॉटेलं, जहाजं, क्लब, सगळ्यांना माल पुरवायची. १९६३ मध्ये मॅपिन अँड वेब आणि एल्किंग्टनबरोबर एका कंपनीखाली गेली. पाच आकडी नंबर हा त्यांच्या कॅटलॉगातला नमुना क्रमांक, वर्ष नव्हे. आणि तो वेगळा ४ आहे ना, किटलीवर असा एकटा छोटा आकडा बऱ्याचदा मापाचा असतो, अर्धा पाइंट धरून चार, म्हणजे दोन पाइंट, लिटरभराच्या जरा वर. पाणी भरून मोजा, जुळतंय का सांगा.

चमच्यावरची ती दोन अक्षरं नीट वाचली गेली पाहिजेत, अंदाजाने नाव लावू नका. शेफील्ड आणि बर्मिंगहॅमला छोटे छोटे मुलामावाले खूप होते, एकाच आद्याक्षरांचे दोन तीन निघतात. वाचायची पद्धत अशी, खोलीत अंधार करायचा, मोबाईलची बॅटरी वरून न मारता एकदम बाजूने, जवळजवळ भांड्याला टेकवून मारायची, म्हणजे खोलगट जागेत सावली पडते आणि झिजलेलं अक्षर उठून दिसतं. बटर पेपर ठेवून वरून मऊ पेन्सिल फिरवली तरी उमटतं. सोनाराचं दहापटीचं भिंग मिळालं तर उत्तम, भिंगाला मोबाईल लावून फोटो निघतो.

गड्डा_यात्रा

काका मग मशीनने नव्वद टक्के कसं दाखवलं? मशीन खोटं बोलतं का

भिंगवाले_काका

खोटं नाही बोलत, फक्त वरचंच बघतं. त्या मशीनचे क्ष-किरण चांदीत मिलिमीटरचा अगदी बारीक भागच आत जातात, मुलामा जाड असला की खालपर्यंत पोचतच नाहीत, मग वरच्या थराचा टक्का येतो. चांगल्या जुन्या कारखान्यांचा थर दमदार असायचा. त्यामुळे मुलाम्याच्या भांड्याला ते मशीन लावून भरीव चांदी ठरवायची नाही, घेताना तर मुळीच नाही. झिजलेल्या जागी, चमच्याच्या बुडाला जिथे तो टेबलाला टेकतो तिथे लावलं तर खरं काय ते दिसेल.

घरच्या घरी करायचं तर घनता काढा. किचनचा डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचं पातेलं ठेवून शून्य करा. सहा चमचे दोऱ्याने एकत्र बांधून पाण्यात पूर्ण बुडवून हाताने धरा, तळाला आणि कडेला टेकू द्यायचे नाहीत. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी त्यांनी बाजूला सारलं. चमच्यांचं कोरडं वजन भागिले तो आकडा. स्टर्लिंग चांदी असेल तर दहाच्या वर, १०.३ च्या आसपास येतं, जर्मन सिल्व्हर असेल तर साडेआठ पावणेनऊ. एकटा चमचा घेतला तर साध्या काट्यावर फरक कळत नाही, म्हणून जुडी बांधायची. सुऱ्यांना हे चालत नाही, मूठ आतून पोकळ किंवा राळेने भरलेली असते. ॲसिडचा थेंब टाकून बघणं वगैरे करू नका, डाग कायमचा राहतो आणि नायट्रिक घरात ठेवायची वस्तू नाही.

रेल्वे_लाईन्स

जी.आय.पी.आर. वाचलं आणि लॉगिन केलं! ताई तो ट्रे म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा. आपल्या सोलापूरवरून जाणारी मुंबई रायचूर लाईन त्यांचीच. १९५१ च्या नोव्हेंबरात जी.आय.पी. जाऊन मध्य रेल्वे झाली, त्यामुळे ट्रे त्याच्या आधीचा हे पक्कं. रिफ्रेशमेंट रूम, डायनिंग कार, सलून म्हणजे साहेबांचा खास डबा, कुठेही वापरलेला असू शकतो. माझे आजोबा रेल्वेत होते, ते सांगायचे फर्स्ट क्लासच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये चहा असल्याच किटल्यांतून यायचा आणि भांड्यांची मोजदाद रोज व्हायची.

ट्रेच्या मागे शिक्का नाही म्हणता पण एकदा नीट बघा. ट्रेचा शिक्का कधी कधी मागे मध्यभागी नसतो, कडेच्या पट्टीवर किंवा हँडलच्या बुडाशी असतो. आणि अक्षरं कोरलेली आहेत की ठोकलेली ते पण बघा. हाताने कोरलेल्याला रेघेच्या टोकाला निमुळतेपणा असतो. रेल्वेचा माल हजारोंनी, त्यामुळे कंपनीची अक्षरं कारखान्यातच टाकून यायची. अशा मालावर कधी कधी बनवणाऱ्याबरोबर पुरवणाऱ्या दुकानाचं नाव पण सापडतं, दोन्हीची गल्लत करायची नाही. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचा शिक्का असलेले चमचे मी बघितलेत, ते त्यांनी विकलेले, बनवलेले नव्हेत. त्यांचं मुंबईचं दुकान १८९१ ला उघडलं, काळ्या घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे.

कुणाकडे बार्शी लाईटच्या नावाचं काही असेल, चमचा नाहीतर नुसतं झाकण, तर प्लीज फोटो टाका. १८९७ ची नॅरोगेज, कुर्डुवाडीवरून जायची, तिचं भांडं मला अजून बघायला मिळालेलं नाही आणि फार इच्छा आहे. होटगीहून गदगकडे जाणाऱ्या जुन्या मीटरगेजचं असेल तर एम.एस.एम. असं असेल, मद्रास अँड सदर्न मराठा.

बाळीवेस_वाडा

काका, रेल्वे दादा, खूप खूप आभार, मी रात्रभर हेच करत बसले. बाजूने बॅटरी मारल्यावर चमच्यावरचं दुसरं अक्षर दिसलं, ते इंग्रजी बी आहे, पहिलं अजून कळत नाही, उभी रेघ आहे फक्त. मुकुट मुकुटच आहे, तीन टोकं स्पष्ट. सिंह कुठेच नाही. सहा चमच्यांचं वजन ४१२ ग्रॅम आणि पाण्यात ४८ आलं. म्हणजे साडेआठच्या वर जरासं, जर्मनच.

किटलीत काठापर्यंत एक लिटरच्या थोडं वर पाणी मावलं!! माप जुळलं.

साखरेच्या भांड्याचा आर.डी. नंबर १४७ ने सुरू होतो, सहा आकडी. याचं काय करायचं?

ट्रेच्या हँडलच्या बुडाशी खरंच एक बारीक खूण आहे, काळ्या थराखाली गेलीय. घासल्याशिवाय दिसणार नाही असं वाटतं.

भिंगवाले_काका

घासू नका, अजून एक दिवस थांबा, अक्का सांगतील कसं पुसायचं.

आर.डी. म्हणजे रजिस्टर्ड डिझाईन. इंग्लंडमध्ये १८८४ पासून नमुन्यांना एकापासून ओळीने क्रमांक द्यायला लागले. १८९० सालचे क्रमांक एक लाख एक्केचाळीस हजारांच्या पुढे सुरू होतात आणि १९०० पर्यंत साडेतीन लाखांवर गेलेले आहेत. तुमचा एक लाख सत्तेचाळीस म्हणजे नमुना १८९० चा. भांडं त्याच वर्षीचं असं मात्र नाही, नमुना चालला तर पुढे काही वर्षं बनवत राहायचे. पण १८९० च्या आधीचं नाही हे नक्की. १८८४ च्या आधीच्या मालावर आकड्याऐवजी पतंगासारखी चौकट असते, वरच्या टोकाला गोलात वर्ग, धातूच्या वस्तूला रोमन एक, आणि कोपऱ्यांत वर्ष महिना दिवस यांची अक्षरं. ती १८४२ पासूनची. तशी चौकट कुणाला सापडली तर नोंदणीची तारीख दिवसासकट निघते, मला या सगळ्या विषयात त्याच्याइतका आनंद दुसऱ्या कशाचा होत नाही.

अजून एक, कुठे इंग्लंड असं लिहिलंय का बघा. अमेरिकेने १८९० साली कायदा करून बाहेरच्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून हा शब्द दिसायला लागतो, आणि मेड इन इंग्लंड साधारण विसाव्या शतकातलं. नाव नसलं म्हणून जुनंच असं मात्र धरू नका, तो नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी होता.

हुरडा_पार्टी

धाग्यात घुसतोय, माझ्याकडे चमच्यांचा सेट आहे त्यावर १८४७ रॉजर्स ब्रदर्स असं छापलंय, म्हणजे पावणेदोनशे वर्षं जुना? एकाने वीस हजार सांगितलेत.

भिंगवाले_काका

नाही हो, १८४७ हा त्यांच्या ब्रँडच्या नावाचाच भाग आहे. त्या वर्षी रॉजर्स बंधूंनी अमेरिकेत कनेक्टिकटला मुलाम्याचं काम सुरू केलं, पुढे तेच नाव मेरिडेनच्या कंपनीने आणि १८९८ नंतर इंटरनॅशनल सिल्व्हरने विसाव्या शतकात बराच काळ मारलं. वीस हजार अजिबात देऊ नका, आधी दांडीवरच्या नक्षीचा फोटो टाका, नक्षीवरून काळ निघतो.

तसंच कुणाच्या चमच्यावर नुसता ९० दिसला तर नव्वद टक्के चांदी समजू नका. तो जर्मन पद्धतीचा आकडा, डझनभर चमचे आणि डझनभर काटे मिळून नव्वद ग्रॅम चांदी चढवली असा हिशेब. म्हणजे नगामागे चार ग्रॅमसुद्धा नाही. ८०० असेल तर मात्र ती भरीव चांदी, हजारात आठशे. आणि ई.पी.एन.एस. दिसलं म्हणजे विलायतीच असंही नाही, मुरादाबादला असला माल भरपूर बनतो, खाली इंडिया लिहिलेलं असतं आणि काही विकणारे तेवढंच घासून टाकतात. शिक्क्याची जागा गुळगुळीत आणि आजूबाजूला जुने ओरखडे असं दिसलं की हात आखडता घ्यायचा.

कन्ना_चौक_अक्का

ताई, पुसायचं मी सांगते. आमच्याकडे अशी भांडी सासूबाईंच्या वेळेपासून वापरात आहेत.

चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पितळ घासायची पावडर, तारेची घासणी, टूथपेस्ट, यातलं काहीही लावायचं नाही. मुलामा कितीसा असतो, दिवाळीला दरवर्षी पितळेच्या समईसारखं रगडलं तर थोड्या वर्षांत खालचं पिवळं दिसायला लागतं. आधी कोमट पाणी आणि भांडी घासायचा साधा लिक्विड साबण दोन थेंब, मऊ सुती फडक्याने, लगेच कोरडं करायचं. नुसत्या ह्याने निम्मं निघतं, कारण त्यावर धुरकट मळ पण असतो. मग चांदीसाठीचं पॉलिश मिळतं ते कापसावर घेऊन लांब लांब हात फिरवायचा, गोल गोल रगडायचं नाही, आणि शिक्क्याच्या जागी कापसाच्या काडीने अगदी हलकं. काळा थर हा चांदीचाच असतो, गंधकाने काळी पडलेली, त्यामुळे जेवढं रगडाल तेवढी चांदीच जाते.

ॲल्युमिनियमची फॉइल आणि खायच्या सोड्याचं गरम पाणी यानं काळं झटकन उतरतं, पण नक्षीतला काळेपणापण जातो आणि भांडं एकदम फिकं उदास दिसतं, मला ते आवडत नाही. साध्या चमच्यांना एकदा चालेल, किटलीला नको. साखरेचं भांडं कथलाचं आहे ना, ते गॅसजवळसुद्धा नेऊ नका, कथील पटकन वितळतं. एकीने असलंच भांडं दूध गरम करायला ठेवलं होतं आणि बूड गेलं.

मुलामा शाबूत असलेल्या चमच्यांनी खुशाल जेवा, वापरातली चांदी कमी काळी पडते. खालचं पिवळं दिसायला लागलेले मात्र आंबटात, लोणच्यात, ताकात घालायचे नाहीत. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर जपूनच. अंड्याने काळे पडतात, लगेच धुवायचे. ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड तर मुळीच लावू नका, रबरात गंधक असतं, काळा पट्टा उठतो. तुमच्या पणजीने फ्लॅनेलमध्ये ठेवलं तेच बरोबर, धुऊन वाळवून परत तेच वापरा.

शेंगाचटणी

अक्का १००% सहमत. माझा एक प्रश्न, परत चांदी चढवून घेतली तर? सोलापुरात प्लेटिंगवाले आहेत.

भिंगवाले_काका

करता येतं पण शेवटचा उपाय म्हणून. चढवण्याआधी बफ मारतात, म्हणजे फिरत्या चाकावर घासतात, त्यात शिक्का आणि कोरीव काम दोन्ही बोथट होतं. ट्रेला तर नकोच, जी.आय.पी.आर.ची धार गेली तर ट्रेत राहिलं काय. रोजच्या वापराचे झिजलेले चमचे असतील तर त्यांना हरकत नाही, आधी सगळ्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवून.

रेल्वे_लाईन्स

सुऱ्यांचं कुणी बोललंच नाही. फर्थ स्टेनलेस म्हणजे शेफील्डच्या फर्थ कंपनीचं स्टील. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डला हे न गंजणारं स्टील १९१३ मध्ये काढलं, त्यामुळे सुऱ्या त्यानंतरच्याच. म्हणजे ताई तुमचा सेट एका वेळचा नाही, चमचे एकोणिसाव्या शतकातले आणि सुऱ्या विसाव्यातल्या. त्यात बिघडलं काही नाही, जुन्या लोखंडी पात्यांना रोज घासायला लागायचं म्हणून बऱ्याच घरांनी फक्त सुऱ्या बदलल्या.

मुठीचं मात्र जपून. स्टेनलेस पातं असेल तर मूठ बहुतेक सेल्युलॉइडची असते, हस्तिदंताची नक्कल. उजेडात धरून बघा, सरळ समांतर रेघा एकसारख्या दिसल्या तर सेल्युलॉइड. खऱ्या हस्तिदंतात मुठीच्या टोकाला, आडव्या छेदावर, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. नेटवर तापवलेली सुई टोचून बघा असं सांगतात ते चुकूनही करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि हस्तिदंत निघालंच तर आपल्याकडे विकायला कायद्याने बंदी आहे, घरात ठेवून द्या आणि वनखात्याकडे चौकशी करा. गरम पाण्यात सुऱ्या बुडवायच्या नाहीत, आतली राळ सुटून मूठ हलायला लागते.

गड्डा_यात्रा

किंमत किती येईल ते सांगा की कुणीतरी, तेच सगळ्यांना वाचायचंय

चोरबाजार_फेरी

मी मुंबईला असतो, चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर नेहमी जाणं होतं, म्हणून सांगतो. मुलाम्याच्या भांड्याला वितळवायची किंमत नसतेच, नगामागे तीन चार ग्रॅम चांदी काढायचा खर्चच जास्त, म्हणून सराफ घेत नाहीत. किंमत असते ती नाव, अवस्था आणि गोष्ट यांची. सुट्ट्या ई.पी.एन.एस. चमच्यांना फार कुणी विचारत नाही, पूर्ण डझन एका नक्षीचे असतील तर विचारतात. ब्रिटानिया मेटलचं सगळ्यात कमी जातं. पण रेल्वेच्या नावाचा ट्रे घेणारे वेगळे लोक असतात, रेल्वेवेडे, आणि ते ओरखड्यांसकट घेतात. म्हणून ट्रे बाकीच्यांबरोबर ढिगात देऊ नका, आणि पहिल्याच माणसाने सांगितलेल्या आकड्याला हो म्हणू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी रविवारी जाऊन नुसते भाव ऐकून या.

परदेशी गिऱ्हाईक ऑनलाईन गाठून पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. काका म्हणतात तसे चमचे १८९६ आधीचे असतील तर तेच शंभरीच्या पार आहेत.

बाळीवेस_वाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्कांनी सांगितलं तसं कापसाच्या काडीने ट्रेच्या हँडलपाशी हलकं पुसलं. खूण निघाली!! छोटा मुकुट, खाली ढाल, ढालीत ई अँड को. आणि शेजारी वेगळ्या चौकटीत एकच अक्षर. फोटो टाकलाय. बाबांना दाखवला तर ते आता स्वतः भिंग घेऊन बसलेत, भंगाराचं नाव काढत नाहीत.

सुऱ्यांच्या मुठीत सरळ समांतर रेघा आहेत, सेल्युलॉइडच.

भिंगवाले_काका

ताई!! ई अँड को. आणि वर मुकुट म्हणजे एल्किंग्टन, बर्मिंगहॅम. विजेने मुलामा चढवायचं पेटंटच यांचं, १८४० सालचं. सुरुवातीला बाकीचे, पॅरिसचे क्रिस्टोफलसुद्धा, यांच्याकडून हक्क घेऊन पुढे गेले. म्हणजे जी.आय.पी.ने स्वस्तातला माल घेतला नव्हता.

ते शेजारचं एकटं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. एल्किंग्टनवाले मुलाम्याच्या मालावर पण वर्षाचं अक्षर मारायचे, बाकी फार थोडे कारखाने तसं करायचे. अक्षरांची माळ संपली की परत पहिल्यापासून, पण चौकटीचा आकार बदलून, म्हणून नुसतं अक्षर कळून चालत नाही, चौकट गोल आहे, चौकोनी आहे की ढालीची, आणि खालची कड सरळ की टोकदार, हे लागतं. मुकुट असल्यामुळे ट्रे १८९६ च्या आधीचा धरायला हरकत नाही, अक्षर वाचलं की थेट वर्ष सांगतो. तुमच्या फोटोत उजेड वरून पडलाय त्यामुळे चौकटीची खालची कड दिसत नाहीये. बॅटरी डाव्या बाजूने टेकवून एक, आणि उजव्या बाजूने एक, असे दोन फोटो टाका, आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल.

रेल्वे_लाईन्स

आणि ताई, मधल्या जी.आय.पी.आर. अक्षरांचा पण एक जवळून फोटो. नंतर कोरलेली आहेत की कारखान्यातून आलेली ते वर्ष कळल्यावर लगेच पडताळता येईल. मी रविवारी बाळीवेशीत येतोच आहे, तुमच्या बाबांची परवानगी असेल तर भिंग घेऊन येतो.

बाळीवेस_वाडा

या दादा, बाबा हो म्हणालेत. सकाळी दहानंतर या, उन्हं खिडकीतून तिरकी येतात तेव्हा. काका, तुमचे दोन फोटो आज रात्री टाकते.